इन-इअर हेडफोनची पारख आणि प्लेअरशी जुळणी : एका श्रवणव्यवहाराचा इतिहास

उंची इन-इअर हेडफोनची, म्हणजे कर्णनलिकेत शिरून तिचे तोंड बंद करणाऱ्या श्रवणसाधनाची, पारख करावी आणि त्याला साजेसा खिशात मावणारा प्लेअर शोधावा, हा आज जगभरच्या ध्वनिशौकिनांचा छंद आणि कित्येक कंपन्यांचा व्यवसाय झाला असला, तरी या साधनाचा जन्म संगीताच्या बाजारात झालेला नाही. टेलिफोनचा स्विचबोर्ड, श्रवणयंत्रांचे कारखाने आणि श्रवणदोष मोजणाऱ्या प्रयोगशाळा हे त्याचे खरे माहेर होय. या पूर्वपीठिकेचा विसर पडल्यामुळे आजची बरीच चर्चा भरकटते. कारण पारखीत मोजमापाला इतके महत्त्व का आले आणि प्लेअरशी जुळणीचा प्रश्न मुळात का उद्भवला, या दोन्हींची उत्तरे तिथेच सापडतात. ज्या विद्युतीय कारणांमुळे जुळणी अपरिहार्य झाली होती ती कारणे पुढे बऱ्याच अंशी नाहीशी झाली, पण जुळणीची परिभाषा आणि तिच्यावर उभा राहिलेला व्यापार मात्र वाढतच गेला, हे या इतिहासातले सर्वांत लक्षणीय वळण आहे.

कानात घालण्याजोग्या ध्वनिग्राहकाची कल्पना जवळजवळ टेलिफोनइतकीच जुनी आहे. क्लेमां आदेर याने १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात ऑपेराचे गायन तारेवरून लोकांना ऐकवले, तेव्हा श्रोत्यांना दोन्ही कानांशी एकेक ग्राहक हाताने धरावा लागत होता. १८९१ मध्ये एर्नेस्त मर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत पेटंट घेतलेल्या ‘बाय-टेलिफोन’ या साधनात मात्र ग्राहक थेट कानांच्या छिद्रांत बसत, त्यांच्या टोकांना रबराचे आवरण असे आणि संपूर्ण साधनाचे वजन पावणेदोन औंसांहून, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमहून, कमी होते. टेलिफोनवर काम करणाऱ्याचे हात मोकळे राहावेत आणि आजूबाजूचा गोंगाट कानात शिरू नये, एवढाच हेतू त्यामागे होता. पुढे १९१० च्या सुमारास नेथॅनिएल बाल्डविन याने यूटामधील आपल्या स्वयंपाकघरात बनवून अमेरिकी आरमाराला पुरवलेले हेडफोन डोक्यावरून कानांवर बसणारे होते, आणि संगीतासाठी दीर्घ काळ हाच प्रकार रूढ राहिला. कान बंद करण्याची मर्काद्येची युक्ती संगीताच्या जगाने जवळजवळ शंभर वर्षे बाजूला ठेवली.

ती युक्ती जिवंत राहिली श्रवणयंत्रांत. ह्यू नोल्स याने १९४६ मध्ये इलिनॉय राज्यात स्थापन केलेल्या कंपनीने श्रवणयंत्रांसाठी अतिसूक्ष्म मायक्रोफोन आणि ध्वनिग्राहक बनवण्यात प्रावीण्य मिळवले, आणि आजच्या बहुतेक महागड्या इन-इअर हेडफोनच्या पोटात बसणारे ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हे यंत्रांग मुख्यतः त्याच परंपरेतून आले आहे. या रचनेत दोन चुंबकांच्या मध्ये लोहयुक्त मिश्रधातूची एक पातळ पट्टी समतोल स्थितीत धरलेली असते, तिच्याभोवती तारेचे वेटोळे असते, संदेशाचा प्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की पट्टी कणभर हलते आणि एका बारीक दांडीमार्फत ते हालणे पातळ पटलापर्यंत पोचून हवेत ध्वनी उमटतो. तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या या डबीला काम करण्यासाठी नगण्य वीज पुरते, कारण तिला खोलीभर हवा हलवायची नसते. बंद केलेल्या कर्णनलिकेतली घनसेंटिमीटरभर हवा हलवली की तिचे काम भागते. याउलट साध्या हेडफोनमध्ये आणि लाउडस्पीकरमध्ये वापरले जाणारे ‘डायनॅमिक’ यंत्रांग, ज्यात वेटोळे थेट पटलालाच चिकटवलेले असते, ते आकाराने मोठे पण बांधणीने सोपे आणि स्वस्त असते.

संगीत खिशात घालून हिंडण्याची सवय मात्र या परंपरेने लावली नाही. १९५४ च्या रीजन्सी टीआर-१ सारख्या ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर एका कानात घालायचा ग्राहक मिळू लागला होता, पण तो बातम्या आणि सामन्यांच्या वर्णनापुरताच उपयोगी होता. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, ३३,००० येन किमतीला विक्रीस आला, तेव्हा त्याच्या यशात सुमारे ३९० ग्रॅमच्या कॅसेट प्लेअरइतकाच वाटा त्याच्यासोबतच्या पन्नासेक ग्रॅमच्या, फोमच्या गाद्या लावलेल्या हेडफोनचा होता. १९८२ मध्ये सोनीनेच एमडीआर-ई२५२ हा कानाच्या छिद्राबाहेरच्या खोलगट भागात अडकवायचा ग्राहक बाजारात आणला आणि पुढच्या दोन दशकांत प्रत्येक प्लेअरच्या खोक्यातून मिळणाऱ्या ‘इअरबड’चा तो पूर्वज ठरला. इअरबड कान बंद करत नाही. म्हणून त्यातून खर्जाचे स्वर गळून जातात, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि लोकलच्या डब्यात बसलेला श्रोता आवाज वाढवत जातो.

वॉकमन दुकानांत आला त्याच वर्षी, म्हणजे १९७९ मध्ये, मीड किलियन या संशोधकाने अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात उच्च दर्जाचा ध्वनी देणाऱ्या श्रवणयंत्रांच्या रचनेवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. किलियन याने नोल्सच्या कंपनीत बरीच वर्षे काम केले होते आणि श्रवणयंत्र म्हणजे कर्कश, बोलण्यापुरते साधन ही समजूत त्याला मान्य नव्हती. त्याचा मुख्य मुद्दा समजण्यासाठी कानाचे ध्वनिशास्त्र थोडे पाहावे लागते. प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, तिचे एक टोक उघडे आणि दुसरे टोक कानाच्या पडद्याने बंद असते, आणि अशा नळीत अनुस्पंदन होऊन, म्हणजे विशिष्ट कंप्रतेच्या ध्वनीला नळीच्या लांबीमुळे आपोआप जोर मिळून, २,५०० ते ३,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर पडद्यापाशी सुमारे १५ डेसिबलने किंवा त्याहूनही अधिक बलवान होतात. मेंदू जन्मापासून हा फुगवटा गृहीत धरूनच ऐकत असतो. नळीचे उघडे तोंड रबरी टोकाने बंद केले की हे नैसर्गिक अनुस्पंदन नष्ट होते. त्यामुळे सपाट, म्हणजे सर्व कंप्रतांना समान न्याय देणारा, आलेख असलेला ग्राहक कान बंद करून वापरला तर आवाज मंद आणि दबलेला वाटतो. कानाने गमावलेला फुगवटा ग्राहकानेच भरून द्यायला हवा, हे तत्त्व इन-इअर हेडफोनच्या साऱ्या पारखीचा पाया आहे.

या तत्त्वाला मोजमापाची साधने आधीच तयार होत होती. सिराक्यूज विद्यापीठातील योझेफ झ्विस्लोत्स्की याने मानवी कानाच्या ध्वनिविषयक गुणधर्मांची नक्कल करणारी धातूची पोकळी, म्हणजे ‘कप्लर’, तयार केली होती, आणि १९७२ मध्ये नोल्सच्या कंपनीने सरासरी माणसाच्या मापाचे डोके, धड आणि कान असलेला ‘केमार’ नावाचा पुतळा बनवला, ज्याच्या कानात पडद्याच्या जागी मायक्रोफोन बसवलेला असे. १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने अशा कप्लरचे प्रमाण ७११ या क्रमांकाने निश्चित केले. श्रवणयंत्रे तपासण्यासाठी आखलेले हे प्रमाण पुढे संगीताच्या बाजारात मानदंड होऊन बसले, आणि त्याच्या मर्यादाही सोबत आल्या : त्याची विश्वासार्हता ८,००० ते १०,००० हर्ट्झच्या पुढे घटते, कारण त्या टप्प्यात ग्राहक कानात किती खोल बसला आहे यावरच आलेखाची शिखरे सरकत राहतात.

किलियन याने १९८३ मध्ये इटिमॉटिक रिसर्च ही कंपनी काढली. तिने सुरुवातीला बनवलेले ध्वनिग्राहक श्रवणतपासणीसाठी होते. १९९१ मध्ये तिने ईआर-४ हा संगीतासाठीचा इन-इअर हेडफोन आणला. प्रत्येक कानाला एकच बॅलन्स्ड आर्मेचर, तीन पाळ्यांचे रबरी टोक आणि कर्णनलिकेच्या दुसऱ्या वळणापर्यंत शिरणारी बैठक असलेला हा ग्राहक पहिल्या भेटीत बहुतेकांना अस्वस्थ करतो. टोक थोडे ओले करून, कानाची पाळी वर ओढून ते आत सरकवावे लागते आणि बैठक नीट जमली नाही तर खर्ज साफ नाहीसा होतो. बैठक जमली तर मात्र विमानाच्या आवाजातही पियानोच्या सुराचा शेवट ऐकू येतो. पुढची तीन दशके उंची इन-इअर हेडफोनांची तुलना ज्याच्याशी होत राहिली तो हाच ग्राहक, आणि श्रवणप्रयोगशाळेचा वारसा इतक्या उघडपणे मिरवणारे दुसरे ग्राहकोपयोगी साधन क्वचितच सापडेल.

दुसरा प्रवाह रंगमंचावरून आला. रॉक संगीताच्या कार्यक्रमांत गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायांशी ठेवलेले लाउडस्पीकर इतके मोठे लावावे लागत की कानही जात आणि मायक्रोफोनमधून शिटीही वाजे. स्टीफन अँब्रोझ याने १९७० च्या दशकात स्टिव्ही वंडरसारख्या गायकांसाठी कानात बसणारे ग्राहक घडवले होते. पण व्यवसायाची घडी बसली ती १९९५ मध्ये, जेव्हा व्हॅन हेलन या वाद्यवृंदाचा ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी याने ढोलवादक अॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी खर्ज आणि तार असे दोन स्वतंत्र ग्राहक एकाच कवचात बसवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. प्रवाहाचे विभाजन करून खर्ज एका यंत्रांगाकडे आणि तार दुसऱ्याकडे धाडणाऱ्या मंडलाला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, आणि मोठ्या लाउडस्पीकरांत मुरलेले हे तंत्र नखाएवढ्या जागेत उतरल्यामुळेच यंत्रांगांच्या संख्येची चढाओढ सुरू झाली : दोनाची तीन झाली, तिनाची सहा, आणि पुढे एकेका कानात बारा व अठरा यंत्रांगे बसवल्याच्या जाहिराती आल्या. संख्या वाढली म्हणून ध्वनी सुधारलाच असे घडले नाही; जितकी यंत्रांगे अधिक तितके त्यांच्या ध्वनिलहरींचा एकमेकांशी मेळ बसवणे कठीण, हे कारागिरांना ठाऊक होते आणि खरेदीदारांना सांगितले जात नव्हते.

या कवचांची घडण हे स्वतंत्र कसब मानावे लागेल. कोलोरॅडोतील वेस्टोन ही १९५९ पासून श्रवणयंत्रांचे साचे घडवणारी संस्था अल्टिमेट इअर्सच्या सुरुवातीच्या ग्राहकांची निर्मिती करत होती, तर जपानमधील फिटइअर हे नाव एका दंतवैद्यकीय प्रयोगशाळेचे अपत्य आहे, कारण कवळीसाठी लागणारे राळेचे ओतकाम आणि कानाच्या ठशावरून कवच ओतणे यांत हातांना लागणारे वळण एकच. ठसा घेताना श्रवणतज्ज्ञ कर्णनलिकेत आधी दोरा बांधलेला कापसाचा वा फोमचा छोटा बोळा सरकवतो, पडद्याला इजा होऊ नये म्हणून, आणि त्यावर पिचकारीने सिलिकॉनचा लगदा भरतो. गायकाचा ठसा घेताना तोंड उघडे ठेवायला सांगतात, कारण जबडा हलला की नलिकेचा आकार बदलतो आणि मिटल्या तोंडाने घेतलेल्या ठशाचे कवच तान घेताना सैल पडते.

आता प्लेअरकडे वळायचे. १९९८ मध्ये कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतील रिओ पीएमपी३०० हे ३२ मेगाबाइट स्मृतीचे एमपी३ प्लेअर आले, २३ ऑक्टोबर २००१ रोजी अॅपलने ५ गिगाबाइटचा आयपॉड जाहीर केला, आणि ध्वनीच्या दर्जाविषयी आग्रही असलेल्या श्रोत्यांना हे लक्षात येऊ लागले की घरच्या ध्वनियंत्रणेवर उत्तम वाजणारा ग्राहक या प्लेअरवर निस्तेज वाजतो. त्यामागे गूढ काही नव्हते. एकाच लहान बॅटरीवर चालणाऱ्या अनेक प्लेअरांत हेडफोनच्या वाटेत एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बसवलेले असे. ते स्थिर विद्युतदाब अडवते, पण सोबत खर्जही गाळते. धारित्र १०० मायक्रोफॅरडचे आणि हेडफोन १६ ओहमचा धरला, तर १०० हर्ट्झच्या आसपासच खर्जाची घसरण सुरू होते. हेडफोन १०० ओहमचा असेल तर तीच घसरण १६ हर्ट्झपर्यंत खाली सरकते आणि कानाला जाणवतही नाही. म्हणजे तोच प्लेअर एका हेडफोनबरोबर खर्जहीन आणि दुसऱ्याबरोबर भरदार वाजे. जुळणी या कल्पनेचा पहिला आधार असा निव्वळ अंकगणिताचा होता. २००३ पासून आयपॉडच्या तळाशी आलेल्या तीस टोकांच्या जोडणीतून प्लेअरचे स्वतःचे हेडफोन मंडल टाळून संदेश बाहेर काढता येऊ लागला, तेव्हा हौशी मंडळींनी छोटे प्रवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, विकत घेऊन ते रबरबँडने आयपॉडच्या पाठीला बांधले आणि खिशात विटेएवढे जाड ओझे आनंदाने वागवले.

ईआर-४ चा प्रसंग याहून बोधक आहे. मूळच्या ‘एस’ आवृत्तीचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला मंडलाकडून होणारा एकूण विरोध (मराठी परिभाषेत संरोध), सुमारे १०० ओहम होता आणि तिची संवेदनशीलता कमी होती, त्यामुळे अशक्त प्लेअरवर तिचा आवाज पुरेसा चढत नसे. कंपनीने मग ‘पी’ ही २७ ओहमची आवृत्ती काढली, आणि ७५ ओहमचा रोध असलेली एक जोडतार दिली, जी लावली की २७ अधिक ७५ मिळून पुन्हा ‘एस’च्या जवळपासचा इम्पीडन्स व्हावा. बॅलन्स्ड आर्मेचरच्या वेटोळ्याचा इम्पीडन्स तार स्वरांकडे वाढत जातो. म्हणून वाटेत रोध घातला की खर्ज आणि मध्य स्वर अधिक दबतात, तार स्वर कमी दबतात आणि एकूण ध्वनी उजळ होतो. काही पैशांच्या एका रोधाने ध्वनीची प्रकृती बदलते हे कंपनीला पुरते माहीत होते आणि तिने ते हत्यार म्हणून वापरले. पुढे ‘हा प्लेअर उबदार’ आणि ‘तो प्लेअर थंड’ अशा ज्या असंख्य विशेषणांनी समीक्षा भरून गेली, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी नेमका असाच एखादा न सांगितलेला रोध होता.

याची सर्वांत ठळक साक्ष २०१२ मध्ये मिळाली. आयरिव्हर या कोरियन कंपनीने अॅस्टेल अँड केर्न या नावाने एके१०० हा खास उच्च दर्जाच्या ध्वनिफाइलींसाठी बनवलेला प्लेअर आणला आणि फोनच्या युगात स्वतंत्र प्लेअरला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पण त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे प्लेअरच्या स्वतःच्या पोटातला संरोध, २२ ओहम होता. अनेक यंत्रांगांच्या ग्राहकाचा इम्पीडन्स एका कंप्रतेला १० ओहम आणि दुसऱ्या कंप्रतेला ४० ओहम आहे असे उदाहरणादाखल धरले, तर २२ ओहमच्या प्लेअरवर पहिल्या ठिकाणी सुमारे १० डेसिबल आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ४ डेसिबल घट होते, म्हणजे कारागिराने महिनोन्महिने घासूनपुसून बसवलेल्या आलेखात ६ डेसिबलची उलथापालथ होते. तोच ग्राहक १ ओहमच्या प्लेअरवर लावला तर हा फरक अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहतो. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या किमान इम्पीडन्सच्या आठव्या हिश्श्याहून अधिक नसावा हा रूढ झालेला ठोकताळा याच हिशोबातून आला. गंमत अशी की आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या १९९६ च्या प्रमाणात हेडफोनच्या आउटपुटसाठी १२० ओहमची शिफारस होती. ती मोठ्या इम्पीडन्सच्या जुन्या हेडफोनांच्या काळाला शोभणारी होती, पण कर्णनलिकेतल्या नव्या ग्राहकांना अगदीच न मानवणारी. टीका झाल्यावर एके१०० ची दुसरी आवृत्ती ३ ओहमची निघाली, त्यानंतरच्या बहुतेक चांगल्या प्लेअरांत हा आकडा एक-दोन ओहमच्या घरात आला, आणि खरे पाहता जुळणीचा मुख्य विद्युतीय प्रश्न तिथेच निकालात निघाला.

व्यापार मात्र तिथून भरभराटीला आला. २०१६ मध्ये सोनीने सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून कोरलेला एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड हा वॉकमन आणला, ज्याचे वजन ४५५ ग्रॅम, म्हणजे १९७९ च्या कॅसेटच्या वॉकमनहूनही जास्त होते. त्याच सुमारास डाव्या आणि उजव्या कानाच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या ठेवणारी ‘बॅलन्स्ड’ जोडणी ४.४ मिलिमीटरच्या पिनेसह रूढ झाली आणि शेकडो मिलिवॉट शक्तीचे दावे खोक्यांवर छापले जाऊ लागले. आता त्याच वर्षीच्या कॅम्पफायर ऑडिओच्या अँड्रोमेडा या ग्राहकाचे आकडे पाहावेत : इम्पीडन्स सुमारे १३ ओहम आणि संवेदनशीलता एका मिलिवॉटला सुमारे ११३ डेसिबल. म्हणजे ८० डेसिबलच्या भरपूर मोठ्या आवाजासाठी त्याला एका मिलिवॉटचा दोन हजारावा हिस्सा पुरतो. अशा ग्राहकापुढे शक्तीचा दावा निरर्थक आहे. तिथे खरी कसोटी उलट दिशेची असते, की गाण्यातल्या शांत जागी प्लेअरच्या स्वतःच्या मंडलाची बारीक सळसळ ऐकू येते की नाही, आणि बॅलन्स्ड जोडणीत ती बहुधा वाढते. शिवाय त्या जोडणीवर आवाज अनेकदा सहा डेसिबलने चढतो, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. पातळी समान न करता केलेल्या तुलनांतून ‘मंच रुंदावला’, ‘खर्जाला धार आली’ असे जे निष्कर्ष निघाले, त्यांतले बहुतेक या एका कारणात विरघळून जातात. तांब्याऐवजी चांदीची तार लावून घडणाऱ्या चमत्कारांविषयी तर याहून अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

पारखीला खऱ्या अर्थाने शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी केला. श्रोत्यांना कोणता हेडफोन वाजतो आहे हे कळू न देता, एकाच साधनावर वेगवेगळ्या आलेखांची नक्कल करून, त्यांनी बहुसंख्यांची पसंती कोणत्या आलेखाला मिळते ते शोधले आणि २०१६ नंतरच्या वर्षांत इन-इअर हेडफोनसाठी एक लक्ष्यआलेख मांडला, ज्यात कर्णनलिकेच्या फुगवट्याची भरपाई तर होतीच, पण किलियनच्या मोजक्या खर्जापेक्षा बराच अधिक खर्ज होता. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट याने २८३ हेडफोनांच्या आलेखांची त्यांच्या किमतींशी तुलना केली आणि दोहोंत सहसंबंध आढळला नाही. उंची या शब्दाला बाजारात जो अर्थ आहे त्याला या निष्कर्षाने मोठा धक्का बसायला हवा होता. तो बसला नाही, कारण महागड्या वस्तूचा खरेदीदार केवळ आलेख विकत घेत नसतो.

तरीही लक्ष्यआलेखाला अंतिम निवाडा मानणे घाईचे ठरेल. या चाचण्या प्रामुख्याने पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रणांवर झाल्या, ज्यांत ढोल आणि बासगिटार यांचा खर्ज मिश्रणातच पेरलेला असतो. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला तानपुऱ्याइतके कसाचे दुसरे परीक्षासाधन मिळणार नाही : मिरजेच्या कारागिराने नीट लावलेल्या जवारीतून खर्जाच्या तारेचा सत्तरेक हर्ट्झचा मूळ स्वर आणि त्याच्या डोक्यावर हजारो हर्ट्झपर्यंत चढत जाणारी स्वरकांची, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पटीतील सुरांची, झालर एकाच वेळी उमटते. बैठक सैल असेल तर पाया खचतो, खर्ज फुगवलेला असेल तर षड्ज घुमत राहून गायकाच्या आवाजावर चढतो, आणि वरच्या टप्प्यात एखादे अणकुचीदार शिखर असेल तर झालरीतला एकच स्वरक सुईसारखा टोचू लागतो. हार्मनच्या आलेखाशी तंतोतंत जुळणारे काही ग्राहक या परीक्षेत दुसऱ्या दोषाचे धनी ठरतात, हे मत येथे नोंदवायला हवे.

२०१६ नंतर दोन गोष्टींनी हा सारा व्यवहार बदलला. त्या वर्षीच्या आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र गेले आणि बोटाच्या पेराएवढ्या जोडतारेत बसणारे डिजिटल मंडल सर्वत्र स्वस्तात मिळू लागले, ज्याचा आउटपुट इम्पीडन्स अनेकदा एके१०० पेक्षा कितीतरी सरस असतो. दुसरीकडे ७११ प्रमाणाच्या कप्लरच्या स्वस्त नकला चीनमधून घरोघरच्या हौशी परीक्षकांपर्यंत पोचल्या, आणि चेंगडू येथील मूनड्रॉपसारख्या कंपन्या लक्ष्यआलेखाजवळ जाणारे ग्राहक अक्षरशः वीस डॉलरांत विकू लागल्या. २०२२ चा त्यांचा ‘चू’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. बिनतारी ग्राहकांत तर प्रवर्धक आणि यंत्रांग एकाच कवचात, एकाच अभियंत्याच्या हातून, एकमेकांना मापून बसवलेले असतात, त्यामुळे तिथे जुळणी हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. स्वतंत्र प्लेअर आणि हजारो डॉलरांचे तारवाले ग्राहक तरीही विकले जात आहेत, आणि त्यांतले काही निःसंशय उत्कृष्ट आहेत; पण त्यांची उत्कृष्टता घडणीत, गोंगाट अडवण्याच्या क्षमतेत आणि वरच्या टप्प्यातल्या बारकाव्यात शोधावी लागते, प्लेअरशी जमलेल्या एखाद्या गूढ मैत्रीत नव्हे.

म्हणून आज असा ग्राहक घेऊ पाहणाऱ्याने प्रथम वेगवेगळ्या मापांची टोके लावून बैठक तपासावी, विक्रेत्याकडे प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स आणि ग्राहकाचा किमान इम्पीडन्स हे दोन आकडे मागावेत, तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणल्याशिवाय मत बनवू नये, आणि हे आकडे द्यायला जो विक्रेता तयार नसेल त्याच्या विशेषणांसाठी पैसे मोजू नयेत.